पाण्यातून वर आला तो

१

लडकूच्या पडवीत रविवारची प्रार्थना भरायची ती दुपारची जेवणं उरकल्यावर. वैशाखरे गावातली मोजकीच घरं यायची. पाळक कमळाकर खर्डीहून मोटारसायकलवर यायचे, हेल्मेट खुंटीला अडकवायचे, कपाळाचा घाम पुसायचे आणि पुस्तक उघडायचे. बाहेर माळशेज घाटाकडे निघालेल्या गाड्यांचे हॉर्न, आत टाळ्यांवर धरलेलं गाणं. गोजर नेहमी भिंतीला पाठ टेकून बसायची. तिला वाचता येत नव्हतं, पण गाणी सगळी तोंडपाठ. नवरा वारल्यापासून तिला दोनच जागी बरं वाटायचं, एक आपल्या भाताच्या खाचरात आणि दुसरी या पडवीत.

शेवटी कमळाकर विचारायचे, "कोणाची काही विनंती?" कोणी गुडघेदुखी सांगे, कोणी पोराची नोकरी. गोजरची विनंती सगळ्यांना ठाऊक होती.

"माज्या हरेशसाठी मागा, पाळक. त्याची दारू सुटू दे."

हरेश तिचा एकुलता एक. मुरबाडला कारखान्यात जायचा. शुद्धीत असला की त्याच्याइतका लाघवी माणूस नाही. संध्याकाळी आईचे पाय चेपायचा, नकला करून हसवायचा. पण घोट पोटात गेला की घरात वेगळाच कोणी शिरायचा आणि तो रविनाला, त्याच्या बायकोला, मारायचा. त्या साली गणपतीच्या सुमारास त्यानं तिचा हात असा पिळला की मनगटाचं हाड मोडलं. हाड वाकडंच सांधलं. रविनाचा भाऊ किशोर म्हशाहून आला आणि बहिणीला माहेरी घेऊन गेला. जाताना गोजरला एवढंच म्हणाला, "मावशी, तो असाच रायला तर ती यायची नाय."

घर रिकामं झालं तसा हरेश हादरला. भातकापणी उरकल्यावर कमळाकरांनी मंडळीचं दोन दिवसांचं शिबिर ठरवलं, केळव्याच्या पुढे समुद्राकाठी. ज्यांना बाप्तिस्मा घ्यायचा त्यांनी तिथंच घ्यायचा. हरेश आपण होऊन म्हणाला, "रवीला सांगा, मी पान्यात उतरतो. मग तरी ये म्हनावं."

गोजरनं मुरबाडच्या बाजारातून त्याच्यासाठी पांढरा सदरा आणला.

२

दोन तुफान जीपगाड्या भरून मंडळी निघाली ती ऊन उतरता उतरता पोचली. सुरूच्या झाडांत एक लांबोडकं कौलारू घर होतं. मध्ये मोठा हॉल, दोन्ही टोकांना एकेक खोली, आणि समोर ओटा. ओट्यावरून थेट समुद्र. घर सांभाळायला आणि रांधायला प्रेमा नावाची तिथलीच एक कोळीण होती, गोजरच्याच वयाची. ती सगळ्यांना चहा देत होती.

यातल्या बहुतेकांनी समुद्र पाहिला नव्हता. बायका हसत, साड्या सावरत पाण्यापर्यंत गेल्या आणि लाट आली की ओरडत पळाल्या. म्हातारा धाऊ वाळूत उकिडवा बसून पाण्याला हात लावून बोटं चाखत होता. हरेश मात्र ओट्याची पायरी उतरला नाही. दारू बंद होऊन थोडेच दिवस झाले होते. त्याचे हात कापत होते. गोजर त्याच्यापाशी जाऊन बसली.

"आये, ते पानी मागं का चाललंय?"

गोजरनं पाहिलं. खरंच, मघा जिथं बायका नाचत होत्या तिथं आता नुसती ओली वाळू होती. पाणी लांब गेलं होतं आणि आणखी लांब जात होतं. डोंगरातला ओढा पावसानंतर ओसरतो, पण त्याला दिवस लागतात. इथं डोळ्यांदेखत जमीन उघडी पडत होती. तिला ते बरं दिसलं नाही; कोणी अंगावरची गोधडी हळूहळू ओढून घ्यावी तसं. तिनं कपबश्या गोळा करणाऱ्या प्रेमाला विचारलं.

"ओहोटी हाय गो," प्रेमा म्हणाली. "जातं तसं येतं पन."

"ऐकलंस ना?" गोजर लेकाला म्हणाली. "असंच असतंय इथं."

हरेशचं समाधान झालं नाही. हॉलमध्ये गाणं सुरू झालं होतं. तो आईच्या पदराचं टोक बोटांत धरून बसला, लहानपणी म्हशाच्या जत्रेत गर्दीला भिऊन धरायचा तसं. मग अगदी हळू म्हणाला, "आये, घरी जाऊ. मी अशीच सोडतो दारू. शपथ घेतो. मला त्या पान्यात घालू नको."

गोजरचा हात त्याच्या केसांकडे गेला. पण मनगटाला प्लॅस्टर घातलेली सून डोळ्यांपुढं आली. याच्या अशा शपथा तिनं खूप ऐकल्या होत्या.

"इथवर आलास ना? मग उरकून घे," ती म्हणाली आणि पदर सोडवून घेऊन आत गाण्याला गेली.

३

सकाळी ऊन वर आल्यावर सगळे पाण्याशी उभे राहिले. भरती नुकतीच लागली होती, पाणी जड आणि गढूळ होतं. कमळाकर कमरेइतक्या पाण्यात गेले. आधी धाऊ. त्याला त्यांनी मागे वाकवून बुडवलं आणि उचललं तसा म्हातारा खोकत, शिंकत, नाकातोंडातलं पाणी काढत वर आला, आणि स्वतःच हसायला लागला. किनाऱ्यावर टाळ्या पडल्या.

मग हरेश. तो निमूट गेला. मागे वळून पाहिलं नाही. कमळाकरांनी एका हातानं त्याचं मनगट धरलं, दुसरा हात पाठीखाली घातला. किनाऱ्यावर लडकूनं गाणं उचललं, सगळ्यांनी धरलं, गोजरनंही.

हरेश पाण्याखाली गेला त्याच वेळी एक लाट आली. फार मोठी नव्हती. पण ती कमळाकरांच्या छातीपर्यंत चढली आणि ते एक पाऊल मागे सरकले. गोजरच्या तोंडातलं कडवं थांबलं. बाकीचे गात होते. पाणी सपाट झालं. कमळाकर वाकून दोन्ही हातांनी पाण्यात काहीतरी चाचपत होते असं तिला वाटलं. मग त्यांनी जोर लावून ओढलं आणि हरेश उभा राहिला.

तो खोकला नाही. त्यानं तोंड पुसलं नाही, डोळे चोळले नाहीत. डोळे उघडेच होते. केसांतून उतरणारं खारं पाणी उघड्या बुबुळांवरून वाहत होतं आणि पापणी लवत नव्हती. तो तसाच किनाऱ्याकडे पाहत राहिला, एकेकाचं तोंड निरखत, आणि शेवटी गोजरवर येऊन थांबला.

पाण्यातून चालत तो तिच्यासमोर आला. कापरं गेलं होतं. चेहरा इतका शांत की तिनं तो तसा फक्त तान्हेपणी झोपेत पाहिला होता.

"आई," तो म्हणाला.

गोजरनं त्याला टॉवेल दिला. सगळे त्याला मिठ्या मारत होते, धाऊ रडत होता. तीही रडली. तिच्या एवढंच मनात आलं, हा मला आये म्हणतो. आज आई का म्हणाला?

कमळाकर सगळ्यांत शेवटी बाहेर आले आणि कोणाशी न बोलता घरात गेले. दुपारचं प्रवचन लडकूनं केलं. पाळकांना थंडी भरली होती.

४

हरेश सुधारला. याबद्दल वैशाखऱ्यात कोणाचं दुमत नव्हतं. प्रार्थनेला न येणारी माणसंसुद्धा म्हणायची, गोजरचं नशीब उघडलं. तो वेळेवर कामाला जायचा, वेळेवर यायचा. गुत्त्यासमोरून जाताना मान वळवायचा नाही. बोलायचा कमी आणि बोलला की पुस्तकातलं बोलायचा. "नाय" म्हणणारा पोरगा "नाही" म्हणायला लागला, "आमी" म्हणणारा "आम्ही". कमळाकर प्रार्थनेत बोलत तसं. लडकू म्हणाला, "आत्म्यानं जीभ धुतली त्याची."

पडवीत त्यानं साक्ष दिली तेव्हा बायकांनी डोळ्यांना पदर लावले. तो उभा राहून म्हणाला, "मी तिकडे होतो. फार काळ होतो. आता इकडे आलो आहे." बस्स, एवढंच. सगळे आमेन म्हणाले. गोजरही म्हणाली, पण सगळ्यांच्या मागून.

ती स्वतःला समजावायची. पोरगा बदलावा म्हणून आपणच तर मागत होतो. बदलला तर आता कसली कुरकुर? बाप्तिस्म्यात जुना माणूस मरतो आणि नवा उठतो, असं पाळकांनीच सांगितलं होतं. नवा माणूस नवा दिसणारच.

पण एका दुपारी तो ओट्यावर पाय पसरून बसला होता आणि तिची नजर त्याच्या टाचांवर गेली. हरेशच्या टाचांना लहानपणापासून भेगा. हिवाळ्यात रक्त यायचं, मग तीच मोहाचं तेल गरम करून लावायची. आता त्या टाचा गुळगुळीत होत्या. नुसत्या भेगा भरलेल्या नव्हत्या. कधी जमिनीला लागल्याच नसाव्यात अशा, न चाललेल्या पोराच्या असतात तशा गुलाबी. वाळूनं घासल्या असतील, खाऱ्या पाण्यानं भरून आल्या असतील, तिनं मनाशी म्हटलं. दुसऱ्या दिवशी तो अनवाणी शेतात गेला. कापलेल्या भाताचे खुंट सुयांसारखे उभे होते. तो त्यांवरून सावकाश चालत गेला आणि परत आला. गोजरनं पाय धुवायला पाणी देताना पाहिलं. एक ओरखडा नव्हता.

आणि त्याचा श्वास. रविवारी जेवून तो खाटेवर पडायचा. गोजर शेजारीच तांदूळ निवडत बसायची. तो श्वास घ्यायचा, मग घेतलेला श्वास आत तसाच राहायचा. तिच्या सुपातले खडे वेचून व्हायचे, तरी राहायचा. मग तो सोडायला लागायचा आणि सोडतच राहायचा, लांब, लांब, इतका की घरातली हवा त्याच्या बाजूला ओढली जातेय असं वाटायचं. असा आवाज तिनं एकदाच ऐकला होता, सुरूच्या झाडांतल्या त्या घराच्या ओट्यावर, पाणी मागं ओसरताना.

५

सुनेला आणायला गोजर स्वतः म्हशाला गेली नाही. हरेश गेला. किशोरनं त्याला ओसरीवर बसवून पुष्कळ घालूनपाडून बोलून घेतलं. तो खाली मान घालून ऐकत राहिला. शेवटी किशोरच वरमला. रविना आली. पुढं पौषात तिघं मिळून म्हशाच्या जत्रेला जाऊन आली. बैलांच्या बाजारात हरेश उभा राहिला की आसपासचे लोक आपोआप थोडे बाजूला होत होते. का, ते कोणालाच सांगता आलं नसतं.

जत्रेनंतर एका सकाळी दोघी शेतावर वालाच्या शेंगा खुडत होत्या. गोजरनं पुष्कळ दिवस दाबून ठेवलेलं विचारलं.

"रवी, तुला काय वाटतं गो ह्याच्यात?"

रविना शेंगा खुडत राहिली. डावा हात तिला पुरता वळत नव्हता, ती उजव्यानंच खुडायची.

"काय वाटायचं, आत्या?"

"तसं नाय. म्हंजे… तो पयल्यासारका नाय."

"तो तोच नाय," रविना म्हणाली.

एवढं सरळ की गोजरच्या हातातली शेंग गळली. रविनानं टोपली खाली ठेवली आणि पहिल्यांदा सासूकडे पाहिलं.

"मला पयल्याच दिवशी कळलं. म्हशाला आला आनि माज्या हाताला हात लावला ना, तेवाच. बायकोला कळत नाय व्हय? अंग गार असतं त्याचं. मी रडले तर तो माज्या डोळ्यांतलं पानी बोटानं पुसतो आनि चाखून बगतो."

"मग तू गप का?"

"मग काय करू? वरडू?" रविनाचा आवाज चढला नाही. "आत्या, तुमी दारामागं उभ्या असायच्या तेवा. तुमाला ऐकू यायचं सगळं. ह्यो कोन हाय मला म्हाईत नाय. पन ह्यो मारत नाय. कदी मारनार नाय. मला आता पोर व्हनार हाय आनि मला त्यो परत नको."

"माजा पोर हाय गो तो," गोजर म्हणाली. "कुटं हाय मग तो?"

रविनानं वाकडं मनगट कुरवाळलं आणि टोपली उचलली.

"ते मला नका विचारू."

६

कमळाकरांचं येणं थंडीतच बंद झालं होतं. तब्येत बरी नाही असा निरोप यायचा आणि लडकूच प्रार्थना चालवायचा. गोजर मुरबाडहून एसटीनं शहापूरला आणि तिथून खर्डीला गेली. स्टेशनामागं खाचरांच्या कडेला त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. ते बाहेरच्या खोलीत खिडकी लावून बसले होते. तिला पाहिल्यावर ते उठले नाहीत. ती कशाला आली हे त्यांना विचारावं लागलं नाही.

"बसा, गोजरबाई."

"पाळक, तुमी माज्या पोराला बुडवलंत. वर कोनाला काढलंत?"

ते आपल्या तळहातांकडे पाहत राहिले.

"मी त्याचं मनगट धरलं होतं," ते म्हणाले. "घट्ट धरलं होतं. लाट आली तेव्हा तो घाबरला, त्यानं झटका दिला आणि हात सुटला. मी खाली चाचपलं. कमरेइतकं तर पाणी होतं, गोजरबाई, कुठं जाणार माणूस? पण तिथं कोणी नव्हतं. वाळूसुद्धा पायाला लागेना. आणि मग…"

"मग?"

"मग एका हातानं माझा हात धरला. मी नाही धरला. त्यानं धरला."

बाहेरून मालगाडी गेली.

"सोडला का नाय तुमी?" गोजर म्हणाली.

"तुम्ही सगळे गात होतात," कमळाकर म्हणाले. "सगळी मंडळी वाट बघत उभी होती. आई उभी होती. मी रिकाम्या हातानं कसा वळणार होतो? मी ओढलं."

ती निघाली तेव्हा ते दारापर्यंत आले. "जाऊ नका तिकडे," म्हणाले. "काही मिळायचं नाही." पण त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं की ते स्वतः जाऊन आले होते.

७

गोजरनं घरी कोणाला खरं सांगितलं नाही. सकाळी म्हशाला किशोरकडे जाऊन येते म्हणून ती फाट्यावर आली, तर हरेश आधीच तिथं उभा होता. अंगात कामावरचे कपडे होते, डबा नव्हता.

"मी येतो, आई," तो म्हणाला.

"तुला काय म्हाईत मी कुटं चाल्ले?"

एसटी आल्यावर त्यानं तिची पिशवी घेतली, तिला खिडकीशी बसवलं. गाड्या बदलत दोघं गेली. वाटेत त्यानं तिला उसाचा रस आणून दिला, ऊन लागतं म्हणून जागा बदलून घेतली. असा मुलगा कोणत्याही आईनं मागून घ्यावा. गोजर सारा वेळ बाहेर पाहत राहिली.

पोचली तेव्हा दुपार होती आणि ओहोटी संपत आली होती. घर बंद होतं. प्रेमा ओट्यावर जवळा वाळवत होती. तिनं गोजरला ओळखलं, पाणी दिलं. हरेशकडे मात्र एकदाच पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"बरं झालं आलीस," ती म्हणाली. "तुमचं कोन मागं रायलं का गो तवा?"

"का?"

"पानी लांब गेलं की तिकडं एक मानूस दिसतो. आमी समजलो कालवं काढनारा हाय. पन कालवं काढनारा वाकतो, ह्यो उभाच. पोरं होडी घेऊन गेली व्हती. जवळ गेलं की नाय दिसत. आता कोन जात नाय."

गोजर पायऱ्या उतरली. ओली वाळू लांबवर पसरली होती, खेकड्यांच्या बिळांनी भरलेली, आणि तिच्या पार टोकाला पाण्याची राखाडी रेघ. ती चालत राहिली. हरेश तिच्या मागोमाग होता. त्याच्या पायांचा आवाज येत नव्हता. वाळूचा चिखल झाला तशी ती थांबली.

आधी काहीच दिसलं नाही. उन्हानं पाणी लकाकत होतं. मग लकाकी फाटली आणि पांढरं काही दिसलं. कमरेइतक्या पाण्यात कोणीतरी उभं होतं. चेहरा दिसण्याइतकं जवळ नव्हतं. एक हात वर होता आणि मनगटापाशी वाकलेला, जणू कोणी तो धरून ठेवलाय. ते खोकत होतं. आवाज वाऱ्यावर तुटक तुटक येत होता. नाकातोंडात पाणी गेलेल्या माणसाचा खोकला, न संपणारा. खोकल्याची एक उबळ थांबली आणि दुसरी यायच्या आत त्यानं हाक मारली.

"आये!"

गोजरच्या छातीत दूध दाटून यावं तसं काहीतरी दाटलं. तिनं हात उचलला. तोंड उघडलं. नाव अगदी जिभेवर होतं.

शेजारी हालचाल झाली. हरेश खाली बसला होता. त्यानं पायांतल्या चपला काढल्या, एकीशेजारी एक अशा नीट ठेवल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. मग उभा राहून तो पाण्याकडे पाहू लागला. तक्रार नव्हती, घाई नव्हती. फाट्यावर एसटीची वाट बघतात तसा.

"हाक मारायची तर मार, आई," तो म्हणाला. "मी जातो."

गोजर उभी राहिली. पाण्यातून पुन्हा हाक आली, आणि पुन्हा. तिला तो खाचरात रांगणारा आठवला, पाय चेपणारा आठवला, पदर धरून बसलेला आठवला. आणि दारामागं उभं राहून ऐकलेलं सगळं आठवलं. हाड मोडतं तेव्हा वाळकी काटकी मोडल्यासारखाच आवाज येतो, हे तिला त्या संध्याकाळपासून माहीत होतं. रविनाचं पोट आठवलं. ते कोणाचं होतं हे तिला माहीत नव्हतं. आत कोण होतं हे कोणालाच माहीत नव्हतं. पण रविना त्या पोटावर हात ठेवून अलीकडे गुणगुणायची. आधी ती त्या घरात कधी गुणगुणली नव्हती.

तिकडे पाणी फिरलं. रेघ जाड झाली आणि इकडे सरकू लागली. पांढरं ते आता छातीपर्यंत बुडालं होतं.

गोजरनं तोंड मिटलं.

"चपला घाल," ती म्हणाली. "एसटी चुकंल."

हरेशनं वळून तिच्याकडे पाहिलं. काय पाहिलं त्यानं तिच्या चेहऱ्यावर कोण जाणे. तो वाकला, त्यानं चपला घातल्या आणि तिचा दंड धरला. हात गार होता. मागून हाका येतच होत्या, आता खोकल्यात बुडालेल्या, एकीत एक मिसळलेल्या. तो कान देऊन ऐकत होता, नवीन गाण्याची चाल ऐकावी तसा.

"चल, आये," तो म्हणाला. अगदी हरेशच्या आवाजात.

८

दोघं घरी पोचली तेव्हा रात्र बरीच झाली होती. रविना दारातच उभी होती. सासू म्हशाला गेली नव्हती, हे तिला किशोरला फोन केल्यावर कळलं होतं. तिनं आधी हरेशला पाहिलं, मग गोजरच्या पायांना लागलेला सुकलेला चिखल पाहिला. तिनं कळशीतून पाणी ओतून दिलं. हरेश आत जाऊन पाटावर बसला.

"आत्या," रविनानं हळूच विचारलं, "तिथं कोन भेटलं का?"

गोजर पाय चोळत होती. बोटांच्या बेचक्यातला चिखल निघता निघत नव्हता. तिनं आणखी पाणी मागितलं, तेही संपवलं.

"नाय गो," ती म्हणाली. "कोन नव्हतं तिथं."

ती उंबरा ओलांडून आत आली. रविनानं बाहेरच्या अंधाराकडे एकदा पाहिलं, दार ओढून घेतलं आणि आतून कडी घातली.